आर्गॉनची कळ

जिनलान आणि युफेंग यांच्यात काहीतरी बिनसलंय, हे सगळ्या वेल्डिंग शॉपला एका दिवसात कळलं. आमच्या छांगछुनच्या कारखान्यात मेट्रोच्या डब्यांचे सांगाडे जोडतात त्या शॉपमध्ये या दोघींसारखा जोड दुसरं कुणी लावत नव्हतं. दोघी एकदमच कामाला लागलेल्या, लुआन उस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या. युफेंग थोडी मोठी, म्हणून जिनलान तिला ताई म्हणायची. दर थंडीत दोघी मिळून कोबी आंबवायला घालत.

आणि आता समोरासमोर आल्या तरी जिनलान मान फिरवत होती.

कारण ती परीक्षा. परदेशातल्या नव्या कारखान्यात तिथल्या लोकांना वेल्डिंग शिकवायला आमच्यातली एक जण दोन वर्षांसाठी जाणार होती. निवड या दोघींतूनच. सकाळचे जोड दोघींचे सारखेच उतरले. जेवणाच्या सुट्टीनंतर शेवटचा जोड होता, आणि तिथं जिनलानचा जोड काळा पडला. काजळी, वर बारीक भोकं. नवशिक्यानं लावावा तसा.

उस्ताद नुसते बघत राहिले. "काय गं हे?"

 सगळे पांगल्यावर जिनलाननं खाली वाकून पाहिलं. आर्गॉन वायूची कळ कुणीतरी पिळून कमी केली होती; तो वायू कमी पडला की जोड काळा पडतो. सुट्टीआधी तिनं स्वतः ती बरोबर लावली होती. तिनं कळ गुपचूप पूर्ववत केली. पुरावा काय दाखवणार? हरलेली बाई सबबी सांगते, असंच लोक म्हणाले असते. म्हणून आम्हाला ती एवढंच म्हणाली, "माझ्या मशीनला कुणीतरी काहीतरी केलं." घरी नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं.

त्या सुट्टीत शॉपमध्ये कोण थांबलं होतं? युफेंग. परीक्षा असली की तिला घास उतरत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. पण आता त्याच गोष्टीला संशयाचा वास येऊ लागला.

"भूक नव्हती म्हणे," कॅन्टीनमध्ये एक जण म्हणाली. "कामं असली की भूक मरतेच हो!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग जिनलानला जिकडेतिकडे खुणा दिसायला लागल्या. युफेंगनं नजर चुकवली तर ती चोर, रोखून पाहिलं तर निगरगट्ट. तिनं आपला वेल्डिंगचा टॉर्च कुलपात ठेवायला सुरुवात केली. पाण्याची बाटलीसुद्धा नजरेआड होऊ देईना.

एकदा युफेंगनंच तिला गेटजवळ बर्फात अडवलं. "मी काय केलंय ते तोंडानं सांग."

"तुलाच ठाऊक असेल, ताई."

"ताई म्हणतेस आणि वर हे?"

"मग नाही म्हणत," असं म्हणून जिनलान चालू लागली.

युफेंगचं जायचं ठरलं. निघण्याआधीच्या रविवारी तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जिनलान गेली नाही. घरीच नवऱ्याबरोबर डंपलिंग वळत बसली. तिचा नवरा देशेंग आमच्याच शॉपमध्ये क्रेन चालवायचा. मोठा शांत माणूस. पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं.

"जायला हवं होतंस," पारी लाटता लाटता देशेंग म्हणाला. "ती परत दोन वर्षांनी भेटणार."

"नको भेटू दे."

"इतक्या वर्षांची मैत्री. एक कळ जराशी फिरली म्हणून कुणी तोडतं का?"

जिनलानचे हात थांबले. "कसली कळ?"

"अगं, ती... वायूची."

"मी कळीचं कुणालाच सांगितलं नव्हतं."

देशेंगनं लाटणं खाली ठेवलं. पिठाचे हात पँटला पुसले, परत पुसले. मग म्हणाला, "दोन वर्षं, जिनलान. पलीकडच्या इमारतीतल्या सुनबाई अशाच परदेशी गेल्या, त्या फोनवरच घटस्फोट मागून मोकळ्या झाल्या. मला भीती वाटली."

"म्हणून क्रेनवरून खाली उतरलास? युफेंग होती तिथं."

"ती मुतारीकडे गेली तेव्हा."

तिनं आरडाओरडा केला नाही. कोट चढवला आणि तडक युफेंगच्या घरी आली. आम्ही सगळ्या जेवत होतो. दारातच उभं राहून ती म्हणाली, "माझं मशीन युफेंगताईनं बिघडवलं नाही. माझ्या नवऱ्यानं बिघडवलं."

कुणाच्या जेवायच्या काठ्या हलल्या नाहीत. माझा घास तोंडातच राहिला.

युफेंग उठली नाही. "तू मला एकदा विचारलं असतंस," ती म्हणाली, "तर मी सांगितलं असतं, की तो तुझ्या मशीनपाशी वाकलेला मी परत येताना पाहिला होता. मला वाटलं, बायकोची काळजी आहे, तपासतोय."

"ताई..."

"बस. जेव. पण ताई म्हणू नकोस अजून."

जिनलान बसली. तिच्या पुढ्यात कुणीतरी वाडगा सरकवला. तिनं खाल्लं की नाही, मला आठवत नाही.

देशेंगनं स्वतः उस्तादांकडे जाऊन कबूल केलं. त्याला क्रेनवरून काढून गोदामात टाकलं. परीक्षा पुन्हा घ्यायची का, असं ऑफिसनं विचारलं, तेव्हा जिनलानच नको म्हणाली. युफेंग गेली. तिकडून ती आम्हा सगळ्यांना फोटो पाठवायची. जिनलानला पहिला आला तो उन्हाळ्यात, तोही नुसता एका जोडाचा. खाली एक अक्षर नाही. जिनलान तो मला दाखवत बसली होती, अर्धा तास.

दोघं नवरा-बायको अजून एकत्रच राहतात. परदेशी जायच्या पुढच्या खेपेला जिनलानचं नाव आलं, तेव्हा देशेंग तिला विमानतळावर सोडायला आला होता. मीही होते. त्यानं दोनदा बॅगेला हात घातला. दोन्ही वेळा तिनं ती दुसऱ्या हातात घेतली, आणि रांगेत उभी राहिल्यावर चेन उघडून आत सगळं जागेवर आहे का, ते पाहिलं.