मांडीतली सळई

सुनेचं वागणं सासूच्या डोळ्यांत खुपत होतं. नवऱ्याचा डावा बूट लपवून ठेवणारी बायको कुणी पाहिलीय? मोटारसायकलवरून पडून पोराची डावी मांडी मोडली, डॉक्टरांनी हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून वरखाली स्क्रू मारले, त्याला चार महिने झाले. तरी ही त्याला कुबड्यांवर नाचवत होती.

"एक्स-रेच्या फोटोत हाड जुळलेलं दिसत नाही, आई. पायावर सगळा भार टाकायचा नाही म्हणालेत."

"म्हणायला त्यांचं काय जातंय! अगं, जन्मभर वेल्डिंग केलं त्यानं, आता लोखंडच आत गेलंय. आणि तू त्याला लोणच्याच्या बरणीसारखा जपतेस!"

पोरगा हसला. दोघींच्या कात्रीत सापडला की तो हसायचाच.

सून कामाला गेली तशी सासूनं घर पालथं घातलं. पिठाच्या डब्यामागे बूट सापडला. तो पोरापुढे टाकून म्हणाली, "चाल की बाप्यासारखा!" तो चालला. आठवड्याभरात वर्कशॉपमध्ये उभाही राहिला. मांडी ठणकायची, पण आईपुढे ब्र काढला नाही. तिनं मात्र गल्लीभर मिरवून घेतलं.

चालायला लागल्यापासून सातव्या आठवड्यात दाराची पायरी चढताना आत कट्‌कन वाजलं आणि तो खाली बसला तो बसलाच.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. सळईचे दोन तुकडे, हाडातली फट तशीच. "सळई हाडाला नुसती धरून ठेवते, आजी. हाड जुळलं नाही तर सगळा भार तिच्यावर. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना, तसं."

तुकडे काढले, जाड सळई घातली, कमरेचं हाड खरवडून फटीत भरलं. आत पू झाला. तीही सळई काढली. आता मांडीबाहेर पिनांचा सांगाडा होता, पाय तीन बोटं आखूड, गुडघा लाकूड. कधी बरा होईल, हे डॉक्टरांनी सांगायचंच सोडलं होतं. पोरगाही हसायचा बंद झाला होता.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर सुनेनं चहा पुढे केला. "घ्या, आई. तुमचा काय दोष त्यात..."

"गप बस! समजूत घालू नकोस माझी. खरं तुझंच होतं. तुला खोटी पाडायच्या नादात मी पोराचा पाय घालवला."