वसुअक्काच्या नावानं

सुतकात आमच्याकडे कढई चढत नाही, साधी फोडणीही होत नाही. शेजारच्या धनलक्ष्मीबाई दोन्ही वेळचं जेवण आणून देत होत्या. आई गेली होती, आणि अशातच एका सकाळी तिच्या ब्लॉगवर होळिगेची, म्हणजे पुरणपोळीची, कृती आली. पुरण कसं वाटायचं, पोळी कडेला का फाटते, सगळं सविस्तर.

लेख आधीच लिहून त्यांना तारखा लावून ठेवायची तिची सवय मला ठाऊक होती. धक्का बसला तो खालची उत्तरं वाचताना. होसूरच्या एका मुलीनं विचारलं होतं, 'अक्का, तूरडाळीऐवजी हरभऱ्याची चालेल?' उत्तर होतं, 'चालेल ग. फोटो पाठव.' पुढे लाल हृदय. त्याच सकाळचं.

अण्णा, माझा थोरला भाऊ श्रीवत्स, बंगळूरच्याच एचएसआर भागातून चामराजपेटला आमच्या घरी आला तो लॅपटॉप घेऊनच. समाचाराला आलेल्यांत बसायचा आणि मधेच उठून आत जायचा. मला वाटायचं, रडायला जातो.

"हे तू लिहितोस?"

"कोणीतरी उत्तर द्यायला नको? लोक वाट बघतात."

"मग ती गेली असं सांग."

"सांगेन. स्वल्प थांब. एकदा कळलं की हळहळतील आणि पांगतील. एवढ्या वर्षांत जमवलेली माणसं आहेत तिची."

"तिची आहेत. म्हणूनच म्हणते."

"तुला राग काढायला कोणीतरी हवंय, मनू."

हवंच होतं. गुडघे गेले आणि आई जिना उतरेनाशी झाली, तेव्हापासून तिची उठबस याच बायकांत होती. कुणाची सून रुसली, कुणाला टोरांटोत कढीपत्ता मिळत नाही, हे ती जेवताना आम्हाला सांगायची, जणू त्या समोरच्याच गल्लीत राहतात. आणि आता माझा सख्खा भाऊ तिची भाषा नेसून त्यांच्यात जाऊन बसला होता.

दुपारी दार वाजलं. पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या.

"वसुअक्का बऱ्या आहेत ना? मी हेमलता, राजाजीनगरहून आले. ब्लॉगवरची. पत्ता अक्कांनीच दिला होता एकदा." त्या दम घेत म्हणाल्या, "डिंकाचे लाडू मुलीला कधीपासून देऊ, असं काल विचारलं होतं. 'कधीही चालतील,' असं उत्तर आलं. अक्का असं सांगायच्या नाहीत. आधी मुलीची चौकशी करतील, कितवा महिना, झोप लागते का. मला वाटलं, अंथरुणाला खिळल्या आणि दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतायत."

अण्णा पुढे झाला. "या ना. आई जरा..."

"काल यांना उत्तर तूच दिलंस," मी म्हणाले. "आता हेही तूच सांग."

त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं. हेमलताबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मनू. तुम्हाला डेंग्यू झाला होता तेव्हा अक्कांचं लिहिणं बंद होतं. आम्ही सगळ्याजणी रोज तुमच्या प्लेटलेट्स विचारायचो."

हे मला कधीच कळलं नव्हतं. अण्णाकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. 'येते' न म्हणता त्या जिना उतरल्या.

मी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "लिही."

"आईच्या खात्यावरून?"

"ते पुरे झालं. तुझ्या नावानं."

'आमची आई वसुमती मागच्या गुरुवारी वारली,' एवढं लिहून तो थांबला. मी उभीच राहिले. मग त्यानं पुढचं वाक्य लिहिलं, 'त्यानंतरची उत्तरं मी, तिचा मुलगा, देत होतो.' 'सरी, ठीक आहे,' असं पुटपुटत त्यानं ते प्रसिद्ध केलं.

पहिला प्रतिसाद सुखदा नावाच्या कुणाचा आला. 'माझं लग्न मोडल्याचं मी परवा अक्कांना खासगीत लिहिलं होतं. आईलाही अजून सांगितलेलं नाही. ते तुम्ही वाचलंत?'

अण्णाचा चेहरा उतरला. त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "काय लिहू?"

मी ती परत त्याच्याकडे फिरवली.

"वाट बघतेय ती," मी म्हणाले.