चिमण्यांच्या वाट्याचे गोळे

बाओशानने वाटी पुन्हा ढकलली. पेज माझ्या मांडीवर सांडली.

"भाजलं ना मला," मी नवऱ्याला म्हणाले. "गोळा हवाय का? तो घशात अडकला तर सून मला घरात ठेवणार नाही."

सून श्यूछिन चुलीपाशी तांदळाचं पीठ मळत होती. "ठेवीन की, आई. पण पेजेवरच ठेवीन."

शरदसंपाताचा दिवस होता. आज दिवस आणि रात्र सारखे. आजपासून मेघांचा आवाज बंद होतो, असं आम्ही मानतो. बाओशानचा आवाज वसंतातच बंद झाला होता. पक्षाघाताने उजवं अंग गेलं, जीभही गेली. तेव्हापासून त्याला काय हवंय ते मी ओळखायचं, आणि बहुतेक वेळा चुकायचं.

आज गोड सारणाचे गोळे घरात खातात. बिनसारणाचे चिकट गोळे बांबूच्या काड्यांना टोचून बांधावर रोवतात, म्हणजे चिमण्यांच्या चोची चिकटतात आणि भात वाचतो. हे काम जन्मभर त्याचंच.

त्याने डावा हात दाराकडे केला.

"शेतावर यायचंय? मग तसं सांगायचं ना," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

हातगाडीत गोधडी घालून त्याला नेलं. बांधाच्या टोकाकडून काड्या रोवत मी गाडीपाशी आले आणि तिथे एक रोवली. त्याने वाकून ती उपटली आणि फेकली.

"वाकडी लागली का रे?"

पुन्हा रोवली. पुन्हा उपटली. मग त्याने आपले ओठ बोटांनी घट्ट दाबून धरले आणि तारेवरच्या चिमण्यांकडे मान वळवली.

आता मला कळलं. आयुष्यभर त्यांची तोंडं बंद केली, म्हणून आपलं बंद झालं, असं तो म्हणत होता.

"वेडा आहेस. रक्तदाबाच्या गोळ्या कोंबड्यांना टाकायचास, त्याने झालं हे."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ सोडले नाहीत.

मी वाकले आणि आधी रोवलेल्या काड्या उपटायला लागले.

पलीकडच्या शेतातून छ्यो भाऊजी ओरडले, "वहिनी, हे काय? भात पिकलाय. वर्षभर खाल काय?"

"हे सांगतायत तसं करतेय."

"तो काय सांगणार? त्याला कुठे..." ते बोलता बोलता थांबले.

"सांगितलं त्यांनी," मी म्हणाले.

छ्यो भाऊजींनी मान खाली घातली आणि आपल्या बांधावर काड्या रोवायला लागले.

थोड्या वेळाने चिमण्या आमच्या शेतात उतरल्या. बाओशानला नीट दिसावं म्हणून मी गाडी वळवली. माझ्याने बघवेना. मी शेताकडे पाठ करून बांधावर बसले. चिमण्यांचा कलकलाट वाढत होता. तो काय बघतोय, ते मी त्याच्या तोंडाकडे बघून ओळखत होते.