हाताने तोडलेली पानं

प्रबंधाच्या तेराव्या पानाच्या माथ्यावर तीन ओळी, आणि खाली पांढरं... नुसतं पांढरं, सगळ्यांना जेवायला बोलावून कुणीच न आलेल्या घरासारखं. सरस्वतीने पान उलटलं. सोळाव्यावर तेच. एकोणिसाव्यावरही.

"मॅडम, ही जागा परीक्षकांना कच्चं गणित करायला सोडलीय का?" कॉम्प्युटर सेंटरवाल्या तानाजीने विचारलं. एरवी अख्ख्या डोंबिवलीत त्याचा विनोद कुणी ऐकलेला नव्हता. त्याला आजच सुचायला लागलं होतं.

उद्या तिच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपत होती — सहा वर्षं! — आणि चार वाजता बाइंडर दुकान बंद करून गावी निघणार होता. सकाळी मार्गदर्शक सरांचा फोन आला : "डावा समास अर्धा इंच वाढवा, बाइंडिंगमध्ये अक्षरं जातात. अर्धाच इंच हो." तिने अर्धाच वाढवला. ओळी आखूड झाल्या, मजकूर लांबला, प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुढच्या पानावर सांडल्या. आणि तिने स्वतः जागोजाग लिहून ठेवलेल्या 'इथे पान तोड' या आज्ञा मात्र आपापल्या जागी इमानाने उभ्या राहून पानं तोडत राहिल्या.

सर पहिल्यापासून सांगत होते, मजकूर कसला आहे तेवढं यंत्राला सांगा, कुठे बसवायचा हे त्याचं त्याला ठरवू दे. पण पंगतीत कुणाला कुणासमोर बसवू नये, हे आजवर कुठल्या यंत्राला कळलंय? शहाडच्या घरी आई नाही का... पाट चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे — काकांची आणि आत्याची नजरानजर व्हायला नको — आणि मग शेवटचा भात होईपर्यंत जीव मुठीत धरून दारात उभी. ती स्वतः कधी जेवायची? आठवत नाही.

एकोणचाळीस आज्ञा. ही घातली तेव्हा धाकट्या लेकाला, रघूला गालगुंड झालेलं. ही, नणंद रुसून गेली त्या संध्याकाळी... एक सूत्र दोन पानांत फुटत होतं म्हणून मी वरची ओळ केसभर सरकवली, मग खालची, मग तिच्या खालची — सरकवतच आले.

"एकेक नीट करू?"

"अडीच वाजलेत. एक हलवलीत की पुढच्या सगळ्या हलणार, मॅडम."

तिने सगळ्या पुसल्या.

यंत्र पुन्हा पानं लावू लागलं; काळ्या पडद्यावर चौकोनी कंसात एकेक आकडा उमटत चालला. तिची बोटं कळफलकावर होती, आणि करण्यासारखं काही नव्हतं. बिघडलं तर दीड तासात काय करणार — ही धास्ती होतीच, सवयीची, जवळजवळ घरातलीच. पण तिच्या मागून दुसरी एक हळूच आत येऊन बसली... आणि माझ्यावाचून सगळं नीट लागलं तर?