हिवरमाळला कुणी विचारलं?

हर्षदा कोकरेला नर्सिंगच्या प्रवेशासाठी रहिवासी दाखला हवा होता. म्हणून ती आज्जीला, रतनबाईला, सोबत घेऊन सकाळच्या एसटीनं शिरूरला गेली आणि दुपारी मोकळ्या हातानं परत आली. दोघी घरी न जाता थेट सरपंच अनुपमाच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सरपंचबाई, आपलं गाव आता शिरूरात न्हाई म्हणत्यात," रतनबाई म्हणाली. "नगर जिल्ह्यात गेलंय. दाखला पायजे तर श्रीगोंद्याला जावा म्हणला तिथला मानूस."

अनुपमाला आधी वाटलं, म्हातारीच्या ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल. पण हर्षदानं कचेरीच्या भिंतीवरच्या सूचनेचा फोटो काढून आणला होता. प्रशासकीय सोयीसाठी हिवरमाळ शेजारच्या जिल्ह्याला जोडलं होतं. शेवटी एक ओळ होती : ग्रामपंचायतीची संमती घेण्यात आली आहे.

अनुपमानं ती ओळ पुन्हा वाचली. ग्रामपंचायतीची सरपंच तर तीच होती.

हिवरमाळ भीमा आणि घोड या दोन नद्यांच्या मधलं गाव. भीमेवर पूल होता, पलीकडं दौंड तालुका. पोरांची कॉलेजं आणि मोठा दवाखाना दौंडला, बाजार न्हावऱ्याला, कागदाची कामं शिरूरला, नोकऱ्या शिक्रापूरच्या कंपन्यांत. घोडवर मात्र पूल नव्हता. नगर जिल्हा समोर दिसायचा, पण तिकडं जायचं तर लांबचा वळसा.

संध्याकाळी सासरे गोठ्यात धारा काढून झाल्यावर हात धूत होते, तेव्हा अनुपमानं त्यांना विचारलं. बापूसाहेबांनी काही लपवलं नाही.

"गेस्ट हाउसवर साहेबलोक भेटले व्हते. घोडवर पूल देतो म्हणले. पलीकडं कारखाना हाय, पाणी हाय. मी म्हणलं, गावाची काय हरकत न्हाई."

"पण मामंजी, गावाला विचारलं कधी?"

"तीस वर्षं गावाच्या वतीनं मीच बोलतोय, सूनबाई. आजवर कुणी तक्रार केली का?"

"आणि मला? सरपंच मी आहे."

"तुला काय इचारायचं त्यात?"

ते रागानं बोलले नव्हते. गायीला पेंड टाकलीस का, असं विचारावं इतक्या साध्या आवाजात बोलले आणि टॉवेलला हात पुसत निघून गेले. अनुपमा तिथंच उभी राहिली. त्यांनी तिचा अपमान केला असता तर तिला भांडता आलं असतं. पण त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं की हिलाही विचारायचं असतं. महिलांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा त्यांनीच तिला उभं केलं होतं, आणि त्यांनी सांगितलेले विषय घेऊन ती सभा चालवत आली होती. तेव्हा ते काय वेगळं समजणार?

दुसऱ्या दिवशी तिनं ग्रामसेवकाला बोलावलं आणि खास ग्रामसभा लावायला सांगितली.

ग्रामसेवक पेन हातात धरून थांबला. "बापूसाहेबांच्या कानावर घातलंय का, मॅडम?"

"त्यांच्याही कानावर जाईल, दवंडी फिरली की. तुम्ही विषय लिहा."

त्या दिवसापासून बापूसाहेब सुनेशी बोलेनासे झाले. तिनं वाढलेलं जेवायचे, पण पाणी मागायचं तर सोजराबाईंना, म्हणजे बायकोला हाक मारायचे. अनुपमाचा नवरा दत्ता शिक्रापूरला कंपनीत होता, आठवड्याची सुट्टी लागली की घरी यायचा. त्याचा फोन आला.

"कशाला बापूंशी वाकड्यात शिरतेस?"

"मी कुणाशी वाकड्यात शिरत नाही. मी ग्रामसभा घेतेय," अनुपमा म्हणाली. "तुम्हीही या. मतदार आहात."

इकडं रतनबाई दारोदार फिरत होती. कोकरेवस्तीवरची सगळी घरं तिच्या भावकीची, पण ती पाटीलवाड्याकडच्या घरांतही गेली. कुठं बायका खुरपायला गेल्या असतील तर बांधावर जाऊन बसायची. सगळेच तिच्या बाजूचे होते असं नाही. ज्ञानू म्हणून एक उसाचा बागायतदार होता, त्यानं स्पष्टच सांगितलं, "मला तर बरंच हाय की आज्जी. कारखाना जवळ पडंल."

"मंग तसं सभेत सांग," रतनबाई म्हणाली. "पर ये. घरात बसून गंमत बघू नको."

सभा शाळेच्या पटांगणात भरली. एरवी ग्रामसभेला कोरम भरायचा नाही, त्या दिवशी सतरंज्या कमी पडल्या आणि उशिरा आलेले लोक कंपाउंडच्या भिंतीवर बसले. बापूसाहेबही आले. नेहमी ते टेबलापाशी बसायचे, आज कडेला खुर्ची टाकून बसले.

जिल्ह्याहून एक तरुण अधिकारी आला होता. चांगला माणूस होता. त्यानं नकाशा लावला, लोकांना समजेल असं बोलला. पूल झाला की नवी कचेरी शिरूरपेक्षा जवळ पडेल, पाण्याच्या योजनेत गाव बसेल, रस्त्याचं काम लवकर होईल. त्यात खोटं काही नव्हतं. पुढं बसलेले दोघं-तिघं मान हलवू लागले. सभा आता हातची जाते की काय, असं अनुपमाला वाटलं.

तेवढ्यात रतनबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"सायेब, तुमी म्हणताय ते समदं खरं असंल. मी शिकलेली न्हाई. पर आमचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. कोकणात गेलो, सोलापूरकडं गेलो, नगरात तर किती येळा पाल ठोकलं. जिल्हा बदलायचं आमाला भ्या न्हाई. आमाला कुठंबी करमतं."

लोक हसले. अधिकारीही हसला.

"पर वाट आमी ठरवायचो," ती म्हणाली. "रोज सांच्याला म्हातारी माणसं बसायची. उद्या कुठं जायचं, चारा कुठं हाय, पाणी कुठं हाय, समदे बोलायचे. बायाबी बोलायच्या. मंग तळ हलायचा. मेंढरांना कुणी इचारत नव्हतं, सायेब. ती मेंढरं व्हती. आमी न्हाई."

अधिकाऱ्यानं समोरची फाईल चाळली.

"आजी, तुमचं म्हणणं समजलं. पण संमती तुमच्या गावानंच दिलीय."

"ठराव दाखवा," अनुपमा म्हणाली. आपला आवाज इतका स्थिर कसा निघाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"लेखी ठराव नाहीये. तोंडी दिलेली आहे."

"कोणी दिली?"

अधिकाऱ्यानं फाईल मिटली. नाव घ्यायचं अनुपमानंही टाळलं होतं. रात्रंदिवस विचार करून तिनं एवढंच ठरवलं होतं, की घरातल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, पण ठराव झाल्याशिवाय उठायचंही नाही. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. भिंतीवरची पोरं कडेच्या खुर्चीकडं बघायला लागली.

बापूसाहेब उठले.

"संमती मी दिली," ते म्हणाले. "गावानं दिली न्हाई. सरपंचांनीबी दिली न्हाई. त्यांना म्हाईतच नव्हतं." थोडं थांबून त्यांनी टोपी सारखी केली. "आजबी माझं मत तेच हाय. पलीकडं जाण्यात आपला फायदा हाय. पर ते माझ्या एकट्याचं मत. फाईलीत गावाचं म्हणून लिव्हू नका."

आणि ते खाली बसले.

मग मतं घेतली. पलीकडं जावं म्हणणाऱ्यांत पहिला हात बापूसाहेबांचा वर गेला, मग ज्ञानूचा, मग आणखी काही. अनुपमानं ते हात नीट मोजून घेतले, एकही सोडला नाही. पुणे जिल्ह्यातच राहायचं म्हणून हात वर झाले तेव्हा ग्रामसेवकाला मोजायला पटांगणभर फिरावं लागलं. दत्ताचा हातही त्यात होता. त्यानं वडिलांकडं बघितलं नाही, पण हात खाली घेतला नाही.

एका ठरावानं काम होत नसतं. पुढचा उन्हाळा त्यातच गेला. हर्षदाचा दाखला अडकू नये म्हणून अनुपमा स्वतः तिच्याबरोबर कचेरीत जाऊन दिवसभर बसली, आणि हरकतींचा निकाल लागेपर्यंत जुन्या तालुक्यातूनच कागद द्यायचे, असं वदवून घेऊनच उठली. पोरीला दौंडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. एकदा कंत्राटदाराची माणसं नव्या जिल्ह्याच्या नावाची पाटी घेऊन वेशीवर आली. पोरं पाटी फोडायला निघाली होती. रतनबाईनं त्यांना मागं सारलं आणि जिथं खड्डा घ्यायचा तिथं वीस-पंचवीस बाया जाऊन बसल्या. शिवीगाळ नाही, घोषणा नाही. कांद्याची रोपं निवडत बसल्या. कामगार बिहारचे होते. त्यांना गावातून चहा दिला, दुपारी भाकरी दिली. संध्याकाळी पाटी पुन्हा टेम्पोत चढली.

अखेर शिरूरला सुनावणी लागली. गाव दोन टेम्पो करून गेलं. मोठ्या साहेबांनी सांगितलं, प्रत्येकाचं म्हणणं वेगळं नोंदवून घ्या. रतनबाईचा नंबर आला तेव्हा कारकुनानं विचारलं, "आजी, तुमचं मत काय?"

ती खुर्चीवर नीट मागं सरकून बसली, पदर सारखा केला. मग माहेरच्या निमोण्यापासून सुरुवात करून, लेकी दौंडकडं कशा दिल्या, मालक कुठल्या दवाखान्यात वारले, नातीला काय शिकायचंय, असं सगळं सांगत सुटली. कारकुनानं दोनदा मध्ये म्हटलं, "म्हणजे विरोध आहे, असंच ना?"

"व्हय, इरोधच हाय," ती म्हणाली. "पर निस्तं तेवढंच लिव्हू नका. इचारलंय तर समदं लिव्हा."

कारकुनानं लिहिलं. बाहेर रांगेत उभे असलेले बापूसाहेबही आपलं वेगळं मत सांगायला आले होते. अनुपमानं त्यांना डब्यातली भाकरी दिली. त्यांनी घेतली आणि म्हणाले, "पानी दे गं जरा."

पावसाळा संपता संपता आदेश आला. ग्रामसभेच्या संमतीशिवाय हिवरमाळचा जिल्हा बदलू नये. अनुपमानं तो पंचायतीच्या पायरीवर उभं राहून वाचला. मागच्यांना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं तो पुन्हा मोठ्यानं वाचला.