मांजरीची शिकवणी

आमच्या घरात मांजरीचं नाव बेगम. हे नाव यांनी ठेवलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मला एकदाही बेगम म्हणाले नाहीत, मला 'ऐकलं का' म्हणायचे, आणि दौंड स्टेशनातून डब्याच्या पिशवीत घालून आणलेल्या त्या भुरक्या मांजरीला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेगम, दूध घ्या." ते रेल्वेत पॉइंट्समन होते. जन्मभर गाड्या या रुळावरून त्या रुळावर घातल्या, बायकोला मात्र जागची हलवू शकले नाहीत. नाव इनुस. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नाही, पण आता ते ओ देणार नाहीत, म्हणून घेते.

मी यवतच्या बाजूच्या एका वाडीतली. शाळा तिसरीपर्यंत, मराठी. घरात आम्ही आमची बोली बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला हीच अक्षरं येतात. अरबी वाचायला शिकवणारं वाडीत कुणी नव्हतं. नमाजेपुरतं तोंडपाठ, बस.

आमच्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी आणि चाळिसाव्या दिवशी बायका जमून अख्खं कुराण पुरं करतात. त्याला कुराणखानी म्हणायचं. कुराणाचे तीस भाग, एकेका भागाचं वेगळं पातळ पुस्तक, तो सिपारा. ज्यांना वाचता येतं त्यांच्या हातात एकेक सिपारा. ज्यांना येत नाही त्यांच्यापुढं चिंचोक्यांचा ढीग. एक चिंचोका उचलायचा, कलमा म्हणायचा, बाजूला ठेवायचा. तीसच्या तीस सिपारे झाले की दुवा, मग जेवण. सगळा सवाब, म्हणजे पुण्य, गेलेल्या माणसाला. सांगणारे सांगतात की दोन्हीचं मोल सारखंच. सांगणाऱ्यांना कुणी चिंचोक्यांच्या बाजूला बसवलेलं नसतं.

लग्नानंतर पहिल्याच खानीला माझी नणंद हसीना, शिरूरला दिलेली, तिनं चिंचोक्यांची परात माझ्यापुढं सरकवली. "भाबी, तुला हेच बरं पडंल." चाळीस बायकांसमोर. मी परात परत तिच्याकडं ढकलली आणि पेटीतून सिपारा उचलला.

इतकं सोपं होतं ते. ओठ हलवायचे, आणि हसीनानं पान उलटलं की दोन श्वास थांबून आपलं उलटायचं. पुढं पुढं मी तिच्या आधी उलटायला लागले. मिटवायचे तर नेहमी तिच्या दोन मिनिटं आधी. बायका म्हणायच्या, भाबीचं वाचन लई झपाट्याचं. त्या वेळी हसीनाचं जे तोंड व्हायचं ते बघायला मी दुसऱ्याच्या घरच्या मय्यतीची वाट बघायचे. अल्ला माफ करो.

यांना ठाऊक होतं. पहिल्या वर्षी म्हणाले, "मी शिकवतो की. चार म्हैन्यात येईल."

मी म्हणाले, "तुम्ही रुळाचे सांधे बदला. माझ्यात हात घालू नका."

परत कधी म्हणाले नाहीत. पण मी खानीहून आले, की चप्पल काढायच्या आत दारातच विचारायचे, "आज कितवा?" ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"सतरावा," मी तोंडावर फेकल्यासारखं सांगायचे.

"बरं."

एवढंच. बेचाळीस वर्षं तेच, आणि दर वेळी माझ्या अंगाची लाही लाही. चोराला रोज कुणी तरी 'आज काय चोरलंस' विचारावं, तसं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या नमाजेनंतर ते खाटेवर बसून वाचत असायचे, मांजर आल्यापासून मांजर मांडीवर. मी चहा आपटत म्हणायचे, "मांजरीला वाचून दावा. ती तरी शहाणी होईल." ते म्हणायचे, "तिला हाय शानपण. ती चूप बसती."

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी खाटेवर बसले, बेगम मांडीवर आली, आणि बसल्या जागी मान कलली. मी चहा घेऊन आले तेव्हा मांजर तशीच बसून होती, हलायला तयार नाही. तिला मीच हाकललं.

तिसऱ्या दिवशी खानी झाली. माझ्या हातात कुणी तरी सिपारा दिला. मी तो उघडला, ओठ हलवले, पानं उलटली, हसीनाच्या आधी मिटवला. सवयच तशी. कितवा होता तेही मी पाहिलं नाही. सगळ्या जेवून गेल्या. मी आतल्या खोलीत आले, तर रिकाम्या खाटेवर बेगम. माझ्याकडं बघत होती. आणि मी उभी, कुणी तरी विचारील म्हणून.

कुणी विचारलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं. इतरांच्या मय्यतीत केलं ते केलं, पण माझ्या स्वतःच्या माणसाला मी एकोणतीस सिपारे पोचवले आणि तिसावा कोरा. तिकडं हिशेबाला फिरिश्ते बसलेले. ते विचारतील, हा एक कुठं गेला? आणि हे तिकडंही सांगणार नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात हसतील.

चाळिसावा राहिला होता. मी ठरवलं, चाळिसाव्याला माझ्या वाट्याचा सिपारा खरा वाचायचा.

पण शिकवणार कोण? नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, ती इद्दत. घरात माणसं तीन. मुलगा शाहनवाज सकाळी कारखान्याच्या गाडीनं जायचा. राहिली सून, सुफिया. केडगावची. वाचायला तिला उत्तम यायचं आणि तिला विचारण्यापेक्षा मी चुलीत हात घातला असता. सहा वर्षांत मी तिला सोडलेलं नाही. पहिल्या दिवशी तिनं चहा दिला, तर पाहुण्यांसमोर मी म्हणाले होते, "हा चहा हाय का बादली विसळलेलं पानी?" ते तिनं गिळलं होतं, पण पचवलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी भिंतीकडं बघत म्हणाले, "ती मांजर दिसभर रिकामी बसती. हे होते तवा तिला वाचनाची सवय होती. तिला शिकीव कायतरी."

सुफियानं माझ्याकडं पाहिलं. मग मांजरीकडं. बाई हुशार, हे मला कबूल करावं लागतं. आत गेली आणि तिच्या लहानपणचा कायदा घेऊन आली, मुलांना अक्षरं शिकवतात ती पोथी. मांजरीला खाटेवर माझ्या शेजारी बसवलं आणि पुस्तक मांजरीसमोर नाही, माझ्यासमोर उघडलं.

"बसा बेगम. हा अलिफ. सरळ उभा. तुमच्यासारखा ताठ."

रोज दुपारी भांडी झाली की शिकवणी. मी गोधडी शिवल्याचं सोंग करायचे. सुफिया मांजरीला शिकवायची. "बेगम, एकाच आकाराची तीन अक्षरं. जीमच्या पोटात टिंब, खेच्या डोक्यावर, आन् 'हे' बिचारी उघडीच. काल सांगितलं, आज इसरलात? दूध प्यायचं बरं ध्यानात ऱ्हातं." एकदा मी तीनदा अडखळले, तर ती बेगमचा कान धरून म्हणाली, "हे वाचन हाय का उचकी?"

मी सुई बोटात खुपसून घेतली. माझाच तो शब्द तिनं सहा वर्षं मोजून मापून जपून ठेवला होता. मांजरीच्या वतीनं मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी तिनं चहा आणला, तो घट्ट होता. मी काही म्हणाले नाही. चांगला झाला असंही म्हणाले नाही.

महिनाभरात मी अक्षराला अक्षर जोडायला लागले. नमाजेतलं जे जन्मभर तोंडानं म्हणत आले ते कागदावर दिसलं, तेव्हा गर्दीत ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण एका पानाला अर्धा तास. डोळ्यातून पाणी, मानेला रग. सिपाऱ्याची पानं वीस. मी मनात हिशेब केला, एका सिपाऱ्याला दहा तास.

चाळिसाव्याला हसीना शिरूरहून आली, चौफुल्यावर गाडी बदलून, आल्या आल्या कंबर धरून. भाऊ गेल्याचं दुःख तिला होतं, खोटं कशाला बोलू. पण पेटीचा ताबा तिनंच घेतला. "भाबी, तुला अठरावा. तू तर काय, चुटकीसरशी उरकशील."

मी सिपारा उघडला. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले. हळू. खरं. शेजारी पानं फडफडत होती, मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. पलीकडं बेगम चिंचोक्यांच्या ढिगात जाऊन बसली होती आणि मोजलेले चिंचोके पंजानं न मोजलेल्यांत ढकलत होती. चिंचोकेवाल्या बायका पदराआड हसत होत्या. त्यांच्यात शेजारच्या अलीमची आई, माझ्याहून म्हातारी, ती म्हणत होती, "असू दे गं, पुन्हा मोजू. अल्लाला काय जास्त झालेलं चालत न्हाई व्हय?"

एकेक सिपारा मिटला. हसीनाचा मिटला. तिनं डोळ्याला लावून पेटीत ठेवला आणि मग तिच्या ध्यानात आलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या आधी उरकली होती.

"भाबी? अजून व्हायचाय?"

बाहेरून शाहनवाजनं हाक दिली, "अम्मी, देग उतरवलीय. पुरुषमाणसं खोळंबलीत. झालं का?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. 'झालं' म्हणायला काय लागत होतं? दोन अक्षरं. पानं उलटायची होती फक्त, आणि त्या कामात माझ्याइतकी तयार बाई पुणे जिल्ह्यात नव्हती. पण ही दुवा यांच्या नावाची होती.

"झालं न्हाई," मी म्हणाले. "दोन पानं झाली. अठरा ऱ्हायली. आन् बेचाळीस वर्षांची ऱ्हायली ती येगळी. मला वाचता येत नव्हतं. मी नुसती पानं उलटत व्हते."

हसीना बोलली. तिला बोलावंच लागणार होतं. "म्हंजी आमच्या अम्माच्या खानीला बी? अब्बांच्या बी? भाबी, तू माझ्या आईबापाला अर्धवट पोचवलंस?"

मी तिच्यापुढं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

सुफिया पदर सावरून पुढं आली. "अर्धवट न्हाई पोचवलं, फुफीजान. अब्बा दर खानीनंतर अम्मीचा सिपारा सकाळी खाटेवर बसून वाचायचे. माझ्या लग्नाला म्हैना झाला तवा मी इचारलं, अब्बा, मधलाच सिपारा का काढला? तर म्हणले, काल तुझ्या अम्मीला सतरावा आलता. कुणाला सांगू नको. तिला तर बिलकूल सांगू नको, ती मला जेवाय घालायची न्हाई."

एक-दोघी हसल्या. 'आज कितवा?' यांना एवढंच हवं असायचं. नंबर. आणि मी तो नंबर दगडासारखा मारत आले.

मला रडू आलं असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला राग आला. बेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या मागून माझं झाकत चालला आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाही. आणि कळलं तेव्हा भांडायला समोर नाही. गेलेल्या माणसाची ही सगळ्यात मोठी लबाडी.

सुफियानं हात पुढं केला. मी सिपारा दोन्ही हातांनी तिला दिला. ती उरलेली अठरा पानं वाचेपर्यंत मी उठले आणि चिंचोक्यांच्या बाजूला गेले. अलीमची आई सरकली. "बस. हितं कुणाला घाई नसती." मी एक चिंचोका उचलला, कलमा म्हटला, बाजूला ठेवला. बेगमनं तो परत ढिगात ढकलला. मी पुन्हा उचलला.

दुवा झाली. तीसच्या तीसांची. जेवण जरा गार झालं, पण कुणी उपाशी गेलं नाही.

निघताना हसीना दारात थांबली. चप्पल घालत म्हणाली, "पुढल्या खानीला तुझ्यापुढं काय ठेवू, भाबी? परात का?"

"सिपारा ठेव," मी म्हणाले, "आन् भात उशिरा टाक."

ती हसली नाही. पण जाताना माझा दंड धरला, जरा जोरातच.

आता एकच राहिलं. तिसऱ्या दिवशीचा तो सिपारा. तो भरून काढायला हे नव्हते, आणि कितवा ते मी पाहिलंच नव्हतं. हसीनाला विचारलं, सुफियाला विचारलं, कुणाच्याच ध्यानात नाही. म्हणजे तो नक्की पोचवायचा तर तीसच्या तीस वाचले पाहिजेत. पानं सहाशे. माझे डोळे रोज एका पानाच्या वर चालत नाहीत. सुफियानं बोटं मोजून सांगितलं, पावणेदोन वर्षं.

तोवर मरायचं नाही असं मी अल्लाला बजावलंय. सकाळी खाटेवर बसते, बेगम मांडीवर येते, मी बोट ठेवते. तिसऱ्या ओळीला ती झोपते. आज अकरावं पान.

सुफिया चहा आणून ठेवते आणि मांजरीला विचारते, "बेगम, आज कितवं?"

मी सांगते.

"बरं," ती म्हणते.