पुस्तकात नसलेलं दूध

टेबलावर उभ्या करून ठेवलेल्या फोननं लेआंद्रोचा मजकूर वाचायला घेतला, तेव्हा नेलिदा पावाला लोणी लावत होती. फोनमधल्या बाईचा आवाज सपाट होता. लग्नाचं आमंत्रण असो की शिवीगाळ, ती सगळं एकाच सुरात वाचायची.

"नेलिदाबाई, रागावू नका, पण तुम्ही हे पुस्तक वाचलेलंच नाही. मागचं कव्हर वाचलंत आणि बाकीचं स्वप्नात पाहिलंत. मुलगा परत येत नाही. चौथ्या दिवशी त्याची रिकामी होडी सापडते आणि पुस्तक संपतं. आणि ते दूध कुठून आणलंत? आई दूध तापवून ठेवते, मुलगा ते उभ्याउभ्या पितो म्हणे. अख्ख्या पुस्तकात दुधाचा थेंब नाही."

नेलिदाच्या हातातली सुरी थांबली.

"बंद कर ते," ओट्यापाशी ‘माते’ या कडू पाल्याच्या चहासाठी थर्मासात गरम पाणी भरत तिचा नवरा ओविदिओ म्हणाला. "शेंबडं पोरगं. तू शिकवलं नसतंस तर आज सही करता आली नसती त्याला."

"वाचू दे."

"आज पाच वाजेपर्यंत खुलासा करा," फोन पुढे म्हणाला. "नाहीतर तुम्ही लिहिलेले सगळे शेवट काढून टाकावे लागतील. लोक तुमच्या शब्दावर पुस्तकं घेतात, बाई."

हे शेवटचं वाक्य तिला सर्वांत जास्त लागलं, कारण ते खरं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिनं अकरा जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘उघडं पान’ हा ग्रुप सुरू केला होता. आता त्यात इथल्या पायसांदूपासून पार राजधानी मोंतेविदेओपर्यंतची नऊशे माणसं होती आणि तिच्याबरोबर तो लेआंद्रो सांभाळत होता. ग्रुपचा नियम एकच, आणि तोही तिनंच घातलेला. पुस्तक संपलं की ‘शेवट’ या सदरात शेवट एका वाक्यात, आपल्या शब्दांत लिहायचा. ज्यांना धसका घ्यायचा नसेल त्यांनी तिथं डोकावून मगच पुस्तक हातात घ्यावं. बाकीच्यांच्या वाक्यांवर वाद व्हायचे, बाईंच्या वाक्यावर कधी झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र तिनं नऊशे जणांपासून लपवली होती. गेली दोन वर्षं तिच्या नजरेचा मधला भाग गेला होता. पाहावं त्या वस्तूवर कुणीतरी लोणी लागलेला अंगठा दाबून धरल्यासारखं दिसायचं. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर नाही. दुपारच्या झोपेनंतर ओविदिओ तिला वाचून दाखवायचा. उभा जन्म बंदरात क्रेन चालवण्यात गेलेला, शर्यतीच्या घोड्यांपलीकडे काही न वाचलेला हा माणूस. पण आवाज चांगला होता. बाईंना वाचून दाखवावं लागतं, हे कुणाला कळलेलं तिला सोसलं नसतं. गर्व म्हणा हवं तर. तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

फोनमध्ये आणखी एक निरोप होता, ग्रुपमधल्या इर्माचा. मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी ती महिनाभर मोंतेविदेओत होती. तिनं विचारलं होतं, बाई, ज्यात कुणी मरत नाही असं काही सुचवा. नेलिदानं हेच पुस्तक सुचवलं होतं. मुलगा परत येतो, निर्धास्त वाच, असं लिहिलं होतं.

"बाई, मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये संपवलं," फोन सपाट आवाजात म्हणाला. "मुलगी आत होती. तुम्ही शब्द दिला होतात."

पुढे काही नव्हतं. ओविदिओनं थर्मासाचं झाकण फिरवलं, फिरवतच राहिला.

"तिची मुलगी कशी आहे, विचार," तो म्हणाला.

"विचारते. आधी ते पुस्तक आण. शेवटचं पान वाच."

"वाचलंय की एकदा."

"परत वाच. चार वाजत आलेत, म्हाताऱ्या."

तो बाहेरच्या खोलीत गेला. पुस्तक शोधायला त्याला बराच वेळ लागला. एवढ्याशा घरात पुस्तक हरवण्याइतकी जागा नव्हती. परत येऊन तो खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. पानं चाळल्याचा आवाज आला.

"हं. ‘पहाटे दार वाजलं,’" तो वाचू लागला. "‘आईनं कडी काढली. तो दारात उभा होता, नखशिखांत भिजलेला. ती काही बोलली नाही. दूध तापलेलंच होतं. त्यानं ते उभ्याउभ्या पिऊन टाकलं.’ झालं. संपलं. बघ, आहे की."

आवाज कुठे अडखळला नव्हता. पावाच्या टोपलीसाठी नेलिदानं हात लांबवला आणि बोटांना गार काच लागली. ओविदिओचा चष्मा. जाड काड्यांचा, दोरा बांधलेला. त्याच्याशिवाय ओविदिओला मिठाची बरणी आणि साखरेची बरणी ओळखता येत नव्हती.

तिनं चष्म्यावर तळहात ठेवला.

महापुराच्या वर्षी त्यांचा मुलगा फाब्रिसिओ बेटावर अडकलेली शेजाऱ्याची घोडी आणायला गेला होता. एकोणीस वर्षांचा. ओविदिओ चार दिवस होडीतून नदी पिंजत होता. ती रोज पहाटे दूध तापवायची आणि दुपारी ओतून द्यायची. चौथ्या दिवशी पहाटे ओविदिओ एकटाच परत आला, नखशिखांत भिजलेला. तिनं काही विचारलं नाही, त्यानं काही सांगितलं नाही. गॅसवरचं दूध त्यानं उभ्याउभ्या पिऊन टाकलं. तेव्हापासून आजवर, म्हणजे सत्तावीस वर्षं, मुलगा गेला हे वाक्य त्याच्या तोंडून तिनं ऐकलं नव्हतं.

आणि दोन वर्षांत एकसष्ट पुस्तकं. तिला एकेक आठवत गेली. आगगाडी चुकलेली बाई शेवटी पोचलीच. तुरुंगातला भाऊ सुटून आला. बाई, तुम्हालाच बरी चांगल्या शेवटाची पुस्तकं सापडतात, असं लोक कौतुकानं लिहायचे आणि ती खूश व्हायची. तिला संताप आला. तिच्या नावावर, तिच्या तोंडून, इर्मासारखीला फसवलं गेलं होतं. पण खिडकीशी तो पुस्तक उघडं धरून, मान खाली घालून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा उभा होता, आणि तिला त्याची इतकी दया आली की संताप कुणावर काढावा ते कळेना.

एका वाक्यात सुटका होती. मला दिसत नाही, नवरा वाचून दाखवतो, त्यानं बदललं. संध्याकाळपर्यंत नऊशे जणांनी माफ केलं असतं, वर डोळ्यांवरचे घरगुती उपायही सुचवले असते. आणि मग ओविदिओनं असं का केलं याची चर्चा त्या सपाट आवाजात याच स्वयंपाकघरात झाली असती.

तिनं फोन जवळ ओढला आणि बोलून मजकूर सांगू लागली.

"लेआंद्रोचं बरोबर आहे. मी शेवट वाचलेला नव्हता. या दोन वर्षांतले माझे सगळे शेवट काढून टाक, त्यांच्यावर कुणी विसंबू नका. इर्मा, माझी चूक झाली. तुझी मुलगी कशी आहे ते कळव."

फोननं मजकूर वाचून दाखवला. तिनं पाठवून दिला. पाचला वीस मिनिटं होती.

ओविदिओ खिडकीशीच होता. म्हणाला, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"तू काय केलंयस?"

फोन एकदा वाजला, दुसऱ्यांदा वाजला. नेलिदानं तो उपडा ठेवला आणि चष्मा टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवला.

"बस इथं," ती म्हणाली.

तो आला. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. दोरा गळ्यात अडकवायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग शेवटचं पान मिळालं.

"‘चौथ्या दिवशी,’" त्यानं वाचलं आणि तो थांबला.

अडलेल्या मुलाला पुढचा शब्द सुचवायचा नाही, हे नेलिदानं वर्गात जन्मभर पाळलं होतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"‘चौथ्या दिवशी,’" ओविदिओनं पुन्हा सुरुवात केली, "‘होडी सापडली.’"